जिथल्या तिथे

चिमी दारात आली आणि तिथेच खिळली. मागून कपाट घेऊन येणारी माणसं जिन्यात अडली, "अहो सरका की, हात गळाले आमचे," म्हणून ओरडायला लागली, तरी ती हलेना. शेवटी आत्याने तिला कोपराला धरून बाजूला ओढलं.

"काय गं? काय झालं?"

"आत्या, हे उलटं आहे."

"काय उलटं?"

"घर."

आत्याने आत डोकावून पाहिलं. तिला तर ते चांगलं सरळ दिसत होतं. नवा रंग, नव्या फरशा, दोन खोल्या, स्वयंपाकघर, सज्जा. सज्ज्याच्या कठड्याला छोटूने, म्हणजे आत्याच्या धाकट्या भावाने, सकाळीच येऊन भलामोठा फलक बांधला होता. पण चिमीचं फलकाकडे लक्षच नव्हतं. ती हातातला फोन आणि समोरची भिंत यांच्याकडे आळीपाळीने बघत होती.

"मी समोरचा फ्लॅट मोजला होता," ती म्हणाली. "याची किल्ली तेव्हा मिळाली नव्हती. बिल्डरचा माणूस म्हणाला, दोन्ही अगदी सारखेच आहेत."

"मग?"

"सारखेच आहेत. उजवा हात आणि डावा हात सारखे असतात ना, तसे."

मग आत्याच्या डोक्यात प्रकाश पडला, आणि हे किती महागात पडणार तेही कळलं.

कारण आजचं सामान साधंसुधं नव्हतं. ते बाईंचं होतं. बाई म्हणजे एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांची नजर जवळजवळ गेलेली. दूर राहणाऱ्या मुलाने फोनवरच हे घर पसंत केलं होतं. जुन्या घरात त्या डोळे असल्यासारख्या वावरायच्या, कारण तिथली प्रत्येक वस्तू त्यांच्या हाताला पाठ होती. चिमीने आणि तिच्या वर्गातल्या चष्मेवाल्या मैत्रिणीने त्या घराचा कप्पा न् कप्पा फोटोत घेतला होता. कंगवा कुठे, रेडिओ कुठे, मिठाची बरणी कुठल्या डबीच्या मागे, सगळं. नव्या घरात ते सगळं हुबेहूब तसंच लावायचं आणि बाईंना तयार घरात आणून सोडायचं, हा या दोघी मुलींचा धंदा. नाव ठेवलं होतं, 'जिथल्या तिथे'. बाई त्यांच्या पहिल्याच ग्राहक.

आणि जिथे उठून उजवीकडे वळल्यावर दार लागायचं, तिथे आता भिंत होती.

कॉलेजला गेल्यापासून पोरीला या नव्या उद्योगांचं वेड लागलं होतं. तिच्या वयाच्या मुलींच्या कपाटाच्या दारावर नटांचे फोटो असतात. हिच्या दारावर कंपन्या काढलेली पोरंपोरी होती. जेवताना ती सांगत बसायची, अमक्याने होस्टेलच्या खोलीत सुरुवात केली, तमकीने दोनदा आपटी खाल्ली आणि तिसऱ्यांदा उभी राहिली. तिचे वडील, घरातले सगळ्यात थोरले म्हणून सगळ्यांचे दादा, घास चावत ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "आधी डिग्री. मग नोकरी. एसीत बसायचं, खुर्चीवर. आपल्या घरात ओझी उचलायची तेवढी उचलून झाली." आप्पांनी, म्हणजे दादांच्या वडिलांनी, हातगाडीवर लोकांची घरं हलवली, दादांनी पाठीवर कपाटं वाहिली, मग ट्रक आले, माणसं आली, फर्म झाली. आपल्या मुलीने पुन्हा कुणाच्या सामानाला हात लावू नये, एवढं एकच मागणं त्या माणसाने आयुष्याकडे मागितलं होतं.

आणि पोरीने धंदा काढला तो नेमका सामानाचाच. त्याला कारणही आत्याच. फर्मच्या ऑफिसात फोनवर बसायचं काम तिचं. सुट्टीत चिमी तिच्या शेजारी येऊन बसायची. घर हलवून झाल्यावर चार दिवसांनी म्हाताऱ्या माणसांचे फोन यायचे, "अहो, माझी कात्री कुठे ठेवलीत?" "रात्री दिव्याचं बटण सापडत नाही हो." आत्या जमेल तशी समजूत घालायची आणि फोन ठेवायची. चिमीने एक दिवस विचारलं होतं, "आत्या, हे लोक दर वेळी हेच विचारतात, तर आपण काहीच का करत नाही?" आत्याने पुढचा फोन उचलला होता.

"काय झालं? मिरवणूक का थांबली?" छोटू जिन्यावरून धापा टाकत वर आला. पन्नाशीचा, शंभर किलोचा माणूस, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. बाजारात लोक त्याला छोटूशेठ म्हणत. घरात चिमीच्या बाजूने पहिल्या दिवसापासून कोणी उभं राहिलं असेल, तर तो. दादांशी भांडून ट्रक आणि माणसं त्यानेच मिळवून दिली होती. आज चार वाजता एक पाहुणा येणार होता, तोही त्यानेच ओळखी काढून आणलेला. चिमीच्या कपाटाच्या दारावर त्या पाहुण्याचाही फोटो होता. कॉलेजात असताना कंपनी काढली, मोठी केली, विकली, आणि आता तो नव्या पोरांना हाताशी धरत होता. त्याच्या हाताखाली सहा महिने शिकायला मिळावं म्हणून पोरं रांगा लावत.

चिमीने काकांना सगळं सांगितलं. छोटूने कपाळाचा घाम पुसला.

"एवढंच ना? लावून टाका उलटं. पाहुण्याने काय जुनं घर बघितलंय? त्याला फोटो दाखवायचे, खोली दाखवायची, काम फत्ते."

"पण बाई राहणार आहेत ना इथे काका, पाहुणा नाही राहणार."

"होईल गं सवय त्यांना! आठ दिवसांत होईल."

"आठ दिवसांत सवय होते, तर मग आपली गरजच काय?"

छोटूने पुन्हा कपाळ पुसलं. आत्याला मनातून गंमत वाटली. आप्पांसमोरही असाच घाम फुटायचा याला.

खोलीच्या कोपऱ्यात एका बंद खोक्यावर दादा बसले होते. ते आले होते ते वहिनींनी, म्हणजे चिमीच्या आईने, हट्ट केला म्हणून. पोरीचा पहिला दिवस आहे, बापाने तोंड तरी दाखवावं, असं वहिनी म्हणाल्या. त्या स्वतः नेमक्या त्यांच्या माहेरच्या आजारपणात अडकल्या होत्या. आल्यापासून दादांनी कशाला हात लावला नव्हता की तोंडातून शब्द काढला नव्हता. परक्याच्या घरी संकोचून बसावं, तसे बसले होते.

"बाईंना बोलवून घ्यायचं," चिमी म्हणाली. "आत्ता."

"आत्ता?" चष्मेवाली दचकली. "त्यांना तर संध्याकाळी तयार घर दाखवायचं ठरलंय."

"मी चुकले. आपण त्यांच्या वस्तूंचे एवढे फोटो काढले, पण त्या चालतात कशा ते त्यांना विचारलंच नाही. आता ते फक्त त्याच सांगू शकतात."

"आणि चार वाजता पाहुणा येईल तेव्हा?" छोटूचा आवाज चढला. "खोकी पसरलेली, म्हातारी मध्ये बसलेली, हे दाखवायचं त्याला? मी किती जणांच्या पाया पडलो तुला माहितेय का?"

"माहितेय काका. तुमच्यामुळेच इथवर आले. पण तयार नसेल, तर तयार नाही असं सांगेन."

"आणि माझं नाव? बाहेर फर्मचा फलक लावलाय मी!"

चिमीने तेव्हा पहिल्यांदा सज्ज्याकडे नीट पाहिलं. फलकावर फर्मचं नाव हातभर मोठ्या अक्षरांत होतं आणि खाली, बोटभर अक्षरांत, 'आमची नवी सेवा : जिथल्या तिथे'.

"काका, ही फर्मची सेवा नाहीये," ती हळूच म्हणाली. "ही आमची कंपनी आहे. माझी आणि हिची. आपलं असं ठरलं नव्हतं."

"ट्रक कुणाचा? माणसं कुणाची?"

"फर्मची. त्याचं भाडं आम्ही देतो म्हटलं होतं. तुम्हीच नको म्हणालात."

"घरच्या पोरीकडून भाडं घेऊ?"

"मग घरच्या पोरीची कंपनी कशी घेता?"

हे ती उद्धटपणे बोलली नव्हती. अगदी साधं विचारलं होतं, म्हणून तर ते जास्त लागलं. छोटूचा चेहरा लालबुंद झाला. त्याने जिन्याकडे तोंड करून हाक मारली, "चला रे! ठेवा ते कपाट तिथेच. ट्रक राहू दे, पलीकडच्या कामावर चला. यांचं यांना बघू दे."

माणसं एकमेकांकडे बघायला लागली. कपाट दारात आडवं सोडून ती एकेक करून खाली उतरली. छोटू फलकही सोडायला विसरला आणि त्यांच्यामागे गेला. जिन्यात त्याच्या चपलांचा आवाज बराच वेळ येत राहिला. आत्याला वाटलं, संपलं. पोरीचा उद्योग सुरू व्हायच्या आधीच बुडाला, आणि भाऊ-भाऊ पुन्हा बोलायचे बंद होणार ते वेगळंच.

दादा खोक्यावरून उठले. त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढलं आणि आत्याच्या हातात दिलं. बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या.

"दादा, अहो कंबर..." आत्या म्हणाली.

"कंबर माझी आहे." त्यांनी कपाटाला खांदा लावून ते किती जड आहे, याचा अंदाज घेतला. मग चष्मेवालीला म्हणाले, "ती जुनी चादर दे. पायांखाली घालायची, म्हणजे सरकतं, फरशीला ओरखडाही येत नाही." बहिणीला म्हणाले, "तू त्या बाजूने नुसती धर, उचलू नको." एवढं झाल्यावर ते लेकीकडे वळले. "कुठे न्यायचं?"

चिमीचे डोळे भरून आले, पण ती रडली नाही. "अजून माहीत नाही, बाबा. बाई आल्यावर सांगते."

"बरं," दादा म्हणाले, "मग तोवर खोकी आत घेतो."

बाई अर्ध्या तासात आल्या. किडकिडीत, ताठ, हातात पांढरी काठी, आणि आवाज असा की आत्यासुद्धा नकळत सरळ उभी राहिली. चिमीने काही न लपवता सगळं सांगितलं, घर कसं उलटं निघालं आणि चूक आपली कशी ते.

"म्हणजे मला न विचारता माझं घर लावणार होतात तुम्ही," बाई म्हणाल्या.

"हो बाई."

"आणि मी येऊन टाळ्या वाजवायच्या."

"...हो बाई."

"हं. निदान खोटं तरी बोलत नाहीस. खुर्ची दे मला."

खुर्ची आली. बाई बसल्या, दोन्ही हात पुढे केले. "तुम्ही भिंती मोजत होतात, नाही का? मी भिंती मोजत नाही. मी खुर्चीपासून मोजते. सकाळी पलंगावरून, दिवसभर या खुर्चीवरून. डाव्या गालाला ऊन लागलं की सकाळ. उजवीकडे वळलं की दार. तेवढं मला द्या, मग भिंत कुठे का असेना!"

मग चिमीने खोलीत एक गिरकी घेतली, खिडकीकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, आणि ओरडलीच, "पलंग फिरवायचा! उशी या भिंतीला न करता समोरच्या भिंतीला करायची. मग खिडकी डावीकडे, दार उजवीकडे!"

"पण तिथे तर कपाट येणार होतं," चष्मेवाली म्हणाली.

"कपाट इकडे आणू."

झालं, दादांच्या वनवासाला तिथून सुरुवात झाली. कपाट इकडे आलं. बाई उठून पलंगाशी गेल्या, वळल्या, हात लांब केला, आणि हात कपाटावर आपटला. "फार जवळ." कपाट मागे गेलं. "आता फार लांब." कपाट पुढे आलं. चिमी सांगत होती, "नाही बाबा, थोडं डावीकडे... नाही, परत," आणि दादा चादरीवरून ते अजस्र धूड डावीकडे, परत, पुढे, मागे नेत होते. सदरा पाठीला चिकटला होता. ज्या माणसाच्या आवाजाने अख्खं गोदाम हलायचं, तो वीस वर्षांच्या पोरीचं 'परत' निमूटपणे ऐकत होता. आत्या बाजूला उभी राहून बघत होती, आणि तिच्या लक्षात आलं की दादा ऐकताहेत ते केवळ मुलीवरच्या मायेपोटी नाही. पोरगी बरोबर सांगत होती. कामातला माणूस कामातल्या माणसाचं ऐकतो, तसे ते ऐकत होते.

स्वयंपाकघरातला ओटा काही फिरवता येणार नव्हता. पण बाई म्हणाल्या, आधी मी टेबलाशी जाते, मग ओट्याशी. तेव्हा टेबल जागेवर आलं, टेबलावरून हात पोचेल तिथे फळी आली आणि फळीवर बरण्या. आत्याही भान विसरून बरण्या लावायला लागली. मीठ, साखर, चहा. चष्मेवाली फोटो बघून क्रम सांगत होती, आणि बाई मध्येच म्हणत होत्या, "फोटो चुकीचा आहे. त्या दिवशी मीच बरणी चुकीच्या जागी ठेवली होती."

पाहुणा आला तेव्हा खोलीभर खोकी, दोऱ्या आणि कागद पसरले होते. त्याच्यासोबत छोटू होता. रागावून गेलेला छोटू खाली रस्त्यावर पाहुण्याची वाट बघत थांबला होता, हे पाहून आत्याला बरं वाटलं. रक्ताचं नातं तुटत नाही म्हणतात ते खोटं नाही.

"या, या साहेब," छोटूने सुरुवात केली. "म्हणजे आज जरा... सामान उशिरा आलं, ट्रकचं थोडं..."

"सामान वेळेवर आलं होतं," चिमी म्हणाली. "मी चुकीचा फ्लॅट मोजला. आणि त्याहून मोठी चूक म्हणजे ज्यांचं घर, त्यांनाच विचारलं नव्हतं. म्हणून सगळं पुन्हा लावतोय. आज तुम्हाला तयार घर बघायला मिळणार नाही."

पाहुणा तिशीच्या आसपासचा, साध्या कपड्यातला होता. तो हसला नाही की रागावला नाही.

"पहिलाच ग्राहक?"

"हो."

"आणि पहिल्याच दिवशी एवढी चूक. मग माझ्याकडे यावं असं का वाटतं तुम्हाला?"

चिमीने कपाळावरचे केस मागे सारले. "आज सकाळी मला वाटत होतं, फोटो घ्यायचे, मोजायचं, लावायचं. दुपारपर्यंत कळलं की आधी माणसासोबत बसायचं, त्याचा हात कुठे जातो ते बघायचं, मग टेप काढायची. हे कुणी शिकवलं नसतं मला. अजून काय काय माहीत नाही, ते मला लवकर कळायला हवंय. म्हणून."

"बाजूला व्हा सगळे," बाई म्हणाल्या.

त्या पलंगावरून उठल्या. काठी घेतली नाही. उजवीकडे वळल्या, दारातून गेल्या, टेबलाला हात लावला, फळीवरून पेला घेतला, पाणी भरलं. दादांचा एक हात नकळत पुढे झाला होता, त्या अडखळल्या तर धरायला. त्या अडखळल्या नाहीत. पेला घेऊन त्या परत आल्या आणि आवाजाच्या दिशेने तो पाहुण्यापुढे धरला.

"घ्या. उन्हातून आलात." मग चिमीकडे वळून, "चमचे चुकलेत. डावीकडे हवेत."

"लावते बाई," म्हणत चिमी पळाली.

पाहुण्याने पाणी संपवलं. पेला हातात धरून तो स्वयंपाकघराच्या दाराशी गेला, फळीवरच्या बरण्या बघितल्या. "माझ्या आईला दाखवायला हवं हे," तो स्वतःशीच पुटपुटला. मग मोठ्याने विचारलं, "कंपनी कुणाच्या नावावर आहे?"

आत्याने छोटूकडे पाहिलं. दादांनीही पाहिलं. छोटूने पोरीकडे बघितलं. चमचे डावीकडे लावून ती वळली होती आणि काकांच्या तोंडाकडे बघत थांबली होती.

"हिच्या," छोटू म्हणाला. घसा खाकरून पुन्हा म्हणाला, "हिच्या आणि या चष्मेवालीच्या. आमची फर्म त्यांना फक्त ट्रक भाड्याने देते." आणि मग त्याला राहवेना, "पण भाडं पूर्ण घेणार हं! घरची म्हणून एक पैसा सोडणार नाही!"

सगळ्यात आधी बाई हसल्या. मग सगळेच.

"सोमवारी दोघी या," पाहुणा म्हणाला. "आणि या बाईंना विचारा, त्यांना वेळ असेल तर त्यांनाही घेऊन या. मला त्यांच्याकडून जास्त ऐकायचंय."

"माझी फी वेगळी," बाई म्हणाल्या.

पाहुणा गेल्यावर छोटू सज्ज्यात गेला आणि फलकाच्या दोऱ्या सोडायला लागला. चिमी मदतीला गेली. दोघं काही बोलले की नाही ते आत्याला ऐकू आलं नाही; तिने मुद्दामच ऐकायचा प्रयत्न केला नाही. तिच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं, आणि तो आनंद तिला थोडा वेळ एकटीलाच हवा होता. आता पुन्हा फोन वाजला आणि कुणी कात्री मागितली, तर काय सांगायचं ते तिला माहीत होतं.

दादांचं घड्याळ अजून तिच्याकडेच होतं. ते द्यायला ती खाली उतरली. दादा रिकाम्या ट्रकच्या फळीवर पाय सोडून बसले होते, एका हाताने कंबर दाबत. इमारतीचा पहारेकरी वहीत नोंद करायला आला होता.

"कुठल्या कंपनीचे तुम्ही?" त्याने विचारलं. "आणि मालक कोण? सही लागेल."

फर्मची निम्मी मालकी ज्यांच्या नावावर होती, ते दादा सावकाश खाली उतरले. सदऱ्याच्या बाहीने त्यांनी तोंड पुसलं आणि वर, सज्ज्याकडे पाहिलं.

"मालकीणबाई वर आहेत," ते म्हणाले. "जरा थांबा. त्या कामात आहेत."